जाकोमो चेरुती : भिकाऱ्यांना सरदारांच्या मापाचे कॅनव्हास देणारा चित्रकार

अबोली :

बरोक (सतराव्या शतकात युरोपात बहरलेली शैली) चित्रकलेविषयी येथे पूर्वी लिहिले गेले आहे, परंतु त्यात कॅराव्हॅजो, रेम्ब्रां, व्हेलास्केझ हीच नावे पुन्हापुन्हा येतात. बरोकच्या अगदी उत्तरकाळात, उत्तर इटलीत काम करून गेलेल्या जाकोमो चेरुती (१६९८–१७६७) या चित्रकाराकडे लक्ष वेधावे, म्हणून हा धागा काढत आहे.

चेरुतीचा जन्म मिलानचा आणि मृत्यूही मिलानमधलाच. ज्या चित्रांमुळे तो आज ओळखला जातो ती मात्र त्याने बहुतांशी ब्रेशा या शहरात राहत असताना, साधारण १७२० ते १७३५ या काळात काढली. ही दोन्ही शहरे उत्तर इटलीतल्या लोंबार्डी प्रांतातली आणि एकमेकांपासून शंभर किलोमीटरच्या आत. तरी त्या काळी ब्रेशावर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची सत्ता होती आणि मिलान ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होते. ब्रेशातल्या या वर्षांत चेरुतीने भिकारी, धुणे धुणाऱ्या बायका, चांभार, सूत कातणाऱ्या स्त्रिया, बाजारात ओझी वाहणारी पोरे अशा माणसांची मोठमोठी तैलचित्रे काढली आणि त्यावरून त्याला 'पितोक्केत्तो', म्हणजे 'छोटा भिकारी', असे टोपणनाव चिकटले.

गरिबांची चित्रे काढणारा तो काही पहिला चित्रकार नव्हे. त्याच्या आधी शंभर वर्षे रोममध्ये पीटर व्हान लार आणि त्याच्या वाटेने गेलेले चित्रकार रस्त्यावरचे फेरीवाले, जुगारी, नालबंद, भिकारी रंगवत होते. मात्र ती चित्रे बहुधा लहान आकाराची असत. त्यांतली माणसे गर्दीचा एक भाग म्हणून दिसत, आणि पाहणाऱ्याची नजर त्यांच्यावरून एखादी गंमत पाहावी तशी फिरून पुढे जात असे. मिलानमध्ये चेरुतीच्या तरुणपणी 'तोदेस्कीनी' या नावाने प्रसिद्ध असलेला जाकोमो फ्रांचेस्को चिपर खेडूत आणि बाजारी माणसे काढत होता. त्याची माणसे तोंड उघडून, पडके दात दाखवून हसतात. सेव्हिलच्या मुरिल्लोची रस्त्यावरची मुले फार गोड आहेत. खरबूज खाताना किंवा फासे टाकताना त्यांच्याकडे पाहिले, की त्यांच्या अनवाणी पायांचा आपल्याला विसर पडतो.

चेरुतीने यांपैकी कोणतीच वाट धरली नाही. त्याने भिकाऱ्याला जवळजवळ खऱ्या माणसाएवढ्या मापात रंगवले. ते माप तोवर संतांसाठी, सेनापतींसाठी आणि वंशावळ सांगणाऱ्या घराण्यांतल्या स्त्रीपुरुषांसाठी राखून ठेवलेले होते. त्याने त्या माणसांना हसवले नाही, त्यांच्याकडून कोणती बोधकथा वदवून घेतली नाही आणि त्यांच्याभोवती गर्दीही जमवली नाही. माझ्या मते त्याचे सगळे वेगळेपण या तीन नकारांत आणि त्या एका मापात आहे.

ब्रेशाच्या तोझिओ मार्तिनेंगो चित्रसंग्रहालयात 'धुणे धुणारी' हे चित्र आहे. दगडी हौदापाशी एक स्त्री काम करीत आहे, तिचे हात ओल्या कपड्यांत आहेत आणि नजर थेट आपल्याकडे आहे. त्या नजरेत विनंती नाही, लाजही नाही. काम करताना कोणी जवळ येऊन उभे राहिले तर आपण मान वर करून पाहतो, तितकेच तिने केले आहे. त्याच संग्रहालयातल्या 'दोन भिकारी' या चित्रात दोन वयस्क माणसे एका लहान मेजाशी समोरासमोर बसली आहेत. एकाच्या अंगावर जुन्या लष्करी गणवेशाचे अवशेष वाटावेत असे कपडे आहेत आणि एकाने मांजराचे पिल्लू जवळ घेतले आहे. युद्ध संपल्यावर वाऱ्यावर सोडलेले सैनिक त्या काळच्या युरोपातल्या भिकाऱ्यांत मोठ्या संख्येने असत, हे लक्षात घेतले की तो फाटका कोट नुसता रंगाचा विषय राहत नाही.

दुसरी गोष्ट वस्तूंची. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात हमालपोऱ्याचे एक चित्र आहे. हा मुलगा बसलेला आहे, त्याच्यापाशी त्याची मोठी वेताची टोपली आहे, आणि कोंबड्या व अंडी आहेत. टोपलीचा प्रत्येक वेढा, अंड्यांच्या टरफलांवरचा मंद उजेड, पिसांचा पोत आणि मुलाचा चेहरा या सगळ्यांकडे चित्रकाराने सारख्याच सावकाशीने पाहिले आहे. चेरुतीने स्वतंत्र स्थिरचित्रेही काढली. ब्रेरामध्येच कथलाची ताटली, सुरी, पाव, सलामी (मांसाचे सुके सॉसेज), अक्रोड, पेला आणि तांबड्या वाइनचा चंबू असलेले एक चित्र आहे. त्यात परदेशी फळे नाहीत, चांदीची भांडी नाहीत, मृत्यूची आठवण करून देणारी कवटीही नाही. ते साध्या घरातले, कोणीतरी आता येऊन खाणार आहे असे जेवण आहे. माझे म्हणणे असे की रस्त्यावरची माणसे रंगवणारा चेरुती आणि ताटली रंगवणारा चेरुती यांना वेगळे करता येत नाही. वस्तूकडे तिच्या किमतीचा विचार न करता पाहण्याची सवय ज्या हाताला लागली, त्याच हाताने माणसाकडेही तसेच पाहिले.

पांथस्थ :

लेख मनापासून आवडला. तरी एका प्रश्नाला आपण बगल देऊ नये असे वाटते. ही चित्रे विकत कोणी घेतली? भिकाऱ्यांनी तर नक्कीच नाही. ब्रेशातल्या ज्या श्रीमंत घरांच्या दारात हे भिकारी उभे राहत, त्याच घरांच्या दिवाणखान्यांत ही चित्रे लागली. साल्व्हातोर रोझा या सतराव्या शतकातल्या चित्रकार-कवीने चित्रकलेवरच्या आपल्या उपरोधिक काव्यात नेमका हाच दंश केला आहे : जे जिवंत पाहवत नाही ते रंगवलेले असले की श्रीमंतांना आवडते. त्याचा रोख रोमच्या चित्रकारांवर होता, परंतु तो चेरुतीच्या आश्रयदात्यांनाही लागू पडतो. मग 'भिकाऱ्याला सरदाराचे माप दिले' यात भिकाऱ्याचा सन्मान किती आणि सरदाराची हौस किती?

अबोली :

आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे. आव्होगाद्रो, फेनारोली, बार्बिझोनी अशा ब्रेशातल्या घराण्यांकडे चेरुतीची चित्रे होती, आणि यांपैकी काहींची व्यक्तिचित्रेही त्यानेच केली. जोव्हान्नी मारिया फेनारोलीचे त्याने काढलेले व्यक्तिचित्र १७२४ सालचे आहे. म्हणजे एकाच वेळी तो घराच्या मालकाला रंगवत होता आणि त्या मालकाच्या अंगणाबाहेरच्या माणसालाही. मालकांना ही चित्रे का हवी होती याची अनेक कारणे संभवतात. दानधर्माची आठवण, आपल्या वैभवाला उठाव देणारी पार्श्वभूमी, किंवा केवळ त्या काळची अभिरुची. यांतले एकही कारण मला नाकारायचे नाही.

परंतु गिऱ्हाइकाचा हेतू आणि चित्रात प्रत्यक्ष उतरलेली गोष्ट या दोन्ही एकच असतात असे मी मानत नाही. ज्याला फक्त हौस पुरवायची होती त्याच्यासमोर तोदेस्कीनीचा मार्ग तयार होता. हसरा, लोचट, थोडासा किळसवाणा भिकारी काढणे सोपे होते आणि तो खपतही होता. चेरुतीच्या चित्रातला भिकारी दिवाणखान्यातल्या मालकाकडे मालकाच्याच उंचीवरून पाहतो. अशा चित्राखाली बसून जेवणे कितपत सुखाचे झाले असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

रेखाटन :

मी स्वतः चित्रे काढतो, म्हणून हाताच्या बाजूने थोडे लिहितो. चेरुतीने रस्त्यावर बसून समोर दिसले ते जसेच्या तसे उतरवले, असा समज हा धागा वाचून होऊ शकतो, आणि तो टाळायला हवा. जाक कालो या लोरेनच्या मुद्राचित्रकाराने (म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छाप काढणाऱ्याने) १६२२ च्या सुमारास भिकाऱ्यांची पंचवीस लहान मुद्राचित्रे केली होती. ती युरोपभर फिरली, आणि चेरुतीने त्यांतल्या काही आकृती आणि उभे राहण्याच्या ढबी उचलल्या आहेत हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्याची चित्रे चित्रशाळेत, मुद्राचित्रे आणि बसवलेली माणसे दोन्ही समोर ठेवून जुळवलेली आहेत.

मला यात त्याचा कमीपणा दिसत नाही, उलट त्याचे काम अधिक स्पष्ट होते. कालोची रेघ चपळ आणि टोकदार आहे. त्याचा भिकारी म्हणजे चिंध्या, काठी, कुबडी आणि झोळी यांची एक सुंदर नक्षी असते आणि चेहरा त्या नक्षीचा एक तुकडा असतो. चेरुतीने ती ढब घेतली आणि तळहाताएवढ्या कागदावरून ती माणसाएवढ्या कॅनव्हासवर नेली. असे करताना काय होते हे चित्र काढणाऱ्याला लगेच कळेल. आकृती मोठी झाली की मोकळी जागा भरावी लागते, आणि ती जागा वळणदार रेघांनी भरता येत नाही. तिथे कापडाचे वजन, ठिगळाची शिवण, गुडघ्याखालची सुजलेली पोटरी, नखांची काळसर कड हे सगळे प्रत्यक्ष पाहूनच आणावे लागते. म्हणून ढब उसनी असली, तरी चेहरा, हात आणि कापड उसने नाही.

रंगांविषयीही एक निरीक्षण. करडा, मातकट तपकिरी, मळका पांढरा, क्वचित विटका तांबडा एवढ्याच थोड्या रंगांत तो फार मोठा पल्ला गाठतो. पार्श्वभूमी बहुतेक वेळा रिकामी भिंत किंवा ढगाळ, राखाडी आकाश असते. कॅराव्हॅजोच्या चित्रांत प्रकाश एखाद्या घटनेसारखा येतो आणि माणसांना निवडतो. चेरुतीचा प्रकाश ढगाळ दिवसाचा, सगळीकडे सारखा पसरलेला असतो. तो कोणाला वाचवायला येत नाही. धागाकर्तीने 'सारख्याच सावकाशीने' असे जे म्हटले आहे त्याचे तांत्रिक कारण मला या सपाट प्रकाशात सापडते. टोपली आणि चेहरा यांच्यात प्रकाशाने भेद केला नाही, की डोळाही भेद करत नाही.

निळीशाई :

रेखाटन यांच्या प्रतिसादाला जोडून थोडे लोंबार्डीच्या परंपरेविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण चेरुतीला एकट्याला पाहिले तर तो आकाशातून पडल्यासारखा दिसतो.

सोळाव्या शतकात बेर्गामोच्या बाजूचा जोव्हान्नी बात्तिस्ता मोरोनी याने एका शिंप्याचे व्यक्तिचित्र काढले, ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. हातात कात्री, समोर कापड, आणि मान वर करून आपल्याकडे पाहणारा एक कारागीर. चेरुतीच्या धुणे धुणारीच्या नजरेचे मूळ मला तिथे दिसते. कॅराव्हॅजो याच प्रदेशातला. त्याची फळांची टोपली, किडलेल्या सफरचंदासह आणि सुकू लागलेल्या पानांसह, मिलानच्या आंब्रोझियाना संग्रहात आहे, आणि माणसाशिवाय नुसत्या वस्तूंना पूर्ण चित्राचा मान देणाऱ्या इटलीतल्या आरंभीच्या चित्रांत तिची गणना होते. बेर्गामोच्याच एव्हारिस्तो बास्केनिसने (१६१७–१६७७) वाद्यांची स्थिरचित्रे काढली. पालथ्या ठेवलेल्या ल्यूट या तंतुवाद्यावर धूळ बसलेली आहे आणि त्या धुळीतून बोटे फिरल्याच्या खुणा उमटल्या आहेत, हे त्याने रंगवले. चेरुतीच्या पिढीच्या थोडे आधी फ्रा गाल्गारिओ हा बेर्गामोचा साधू-चित्रकार सरदारांची व्यक्तिचित्रे काढताना त्यांच्या गालांवरची लाली आणि डोळ्यांखालची सूज लपवत नव्हता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत काम केलेला एक अनामिक चित्रकार तर गरिबांच्या अंगावरच्या निळ्या जाड्याभरड्या कापडावरूनच अभ्यासकांना ओळखता येतो. म्हणजे या प्रदेशात वस्तू आणि माणूस जसे आहेत तसे पाहण्याची सवय दोनशे वर्षांची होती.

ही सवय एक परंपरा आहे असे ठामपणे मांडले ते रोबेर्तो लोंगी या कलेतिहासकाराने. १९५३ साली मिलानच्या राजवाड्यात त्याने 'लोंबार्डीतले वास्तवाचे चित्रकार' या विषयावर प्रदर्शन भरवले आणि त्यात चेरुतीला मानाचे स्थान दिले. त्याआधी १९३१ मध्ये जुझेप्पे देलोगू याने ब्रेशाजवळच्या पादेर्नेल्लोच्या गढीत असलेली चेरुतीची चित्रे प्रकाशात आणली होती. ही चित्रे आज 'पादेर्नेल्लोची मालिका' म्हणून ओळखली जातात. परंतु ती सगळी एकाच गढीसाठी काढलेली नव्हती, निरनिराळ्या घराण्यांकडून फिरत तिथे एकत्र आली होती. पुढे मीना ग्रेगोरी हिने १९८२ साली चेरुतीवर सविस्तर ग्रंथ लिहिला. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत त्याचे नाव ब्रेशाबाहेर जवळजवळ पुसले गेले होते, आणि याचे कारण त्याच्या विषयांत आहे असे मला वाटते. ज्या चित्रात पुराणकथा नाही, धर्मकथा नाही आणि ऐतिहासिक प्रसंगही नाही, त्याविषयी काय लिहावे हे जुन्या कलासमीक्षेला कळत नसे.

गवाक्ष :

लेस विणणाऱ्या मुलींच्या चित्राचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहीत आहे. त्यात लहानमोठ्या मुली मांडीवरच्या उशीवर लेस विणत, शिवत बसलेल्या आहेत. ज्यांचे बोट कामात गुंतले आहे त्यांची मान खाली आहे, आणि एकीकडे वाचनही चालले आहे. हे चित्र मला भिकाऱ्यांच्या चित्रांपेक्षाही अधिक अस्वस्थ करते. इटलीतल्या शहरांत अनाथ आणि गरीब मुलींसाठी धर्मादाय संस्था असत, तिथे त्यांना शिवणकाम व विणकाम शिकवले जाई आणि त्या कामाच्या विक्रीवर संस्थेचा काही खर्चही निघे. चेरुतीने रंगवलेली खोली अशाच एखाद्या संस्थेतली असावी हा तर्क मला पटतो. यांनी विणलेली लेस ज्यांच्या गळ्याभोवती आणि मनगटांवर जाईल त्या माणसांनाही चेरुती रंगवतच होता, आणि त्या व्यक्तिचित्रांतली लेसही तो तितकीच बारकाईने काढत होता. धागाकर्तीला विचारावेसे वाटते : एका चित्रातली लेस दुसऱ्या चित्रात पोहोचते, हे त्याच्या मनात नसेल का?

अबोली :

त्याच्या मनातले त्याच्या चित्रांपलीकडे जाऊन सांगण्याचे धाडस मी करणार नाही, परंतु आपण दाखवलेला दुवा चित्रांतच आहे आणि तो फार मोलाचा आहे. भिकारी हा समाजाबाहेर पडलेला म्हणून वेगळा ठेवता येतो; लेस विणणारी मुलगी समाजाच्या अगदी मध्ये बसलेली आहे. चेरुतीच्या चित्रांत भीक मागणाऱ्यांइतकीच काम करणारी माणसे आहेत, हे 'पितोक्केत्तो' या टोपणनावामुळे झाकले जाते. चांभार जोडा शिवतो आहे, स्त्री चाती फिरवते आहे, पोऱ्या टोपली उतरवून दम घेतो आहे. ही माणसे दयेला पात्र ठरण्यासाठी तिथे आलेलीच नाहीत.

पांथस्थ यांच्या मूळ प्रश्नाकडे या निमित्ताने पुन्हा येते. १७३६ च्या सुमारास चेरुती व्हेनिसला गेला आणि तिथे त्याला योहान मॅथियास फॉन डेर शुलेनबुर्ग या वृद्ध सेनापतीचा आश्रय मिळाला. याच शुलेनबुर्गने १७१६ साली व्हेनिसच्या वतीने कोर्फू बेट तुर्कांच्या वेढ्यातून राखले होते. तो मोठा संग्राहक होता आणि त्याने चेरुतीकडून भिकाऱ्यांची चित्रेही घेतली आणि स्थिरचित्रेही. माद्रिदच्या थीसेन संग्रहालयातले 'तीन भिकारी' हे चित्र याच काळातले आहे. आयुष्यभर फौजा हलवलेल्या माणसाला मोडक्या सैनिकासारखे दिसणारे भिकारी आपल्या भिंतीवर हवेसे वाटले, यामागे हौस होती, ओझे होते की दोन्ही, हे ठरवता येत नाही. पण रोझाचे उपरोधिक वाक्य इथे पुरे पडत नाही, एवढे मात्र नक्की.

पांथस्थ :

शुलेनबुर्गचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. माझी शंका मात्र आश्रयदात्यांविषयी कायम आहे, आणि ती कायम राहावी असेही मला वाटते. चित्रकार प्रामाणिक असू शकतो आणि तरीही त्याचे चित्र ज्या भिंतीवर लागते ती भिंत अन्यायाची असू शकते. या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच ही चित्रे पाहायला हवीत.

रेखाटन :

त्याच्या धार्मिक चित्रांविषयीही प्रामाणिकपणे लिहायला हवे. पादुआच्या संत अंतोनीच्या बासिलिकेसाठी आणि गांदिनोच्या चर्चसाठी त्याने धार्मिक चित्रे केली; ती सफाईदार आहेत, परंतु त्यांत त्याचा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नाही. संतांना आकाशाकडे पाहायला लावले, की त्याच्याजवळचे सर्वांत मोठे सामर्थ्य, म्हणजे समोरच्या माणसाची सरळ नजर, निघून जाते. याउलट १७३७ चे त्याचे आत्मचित्र पाहावे. ते आबानो तेर्मे येथील संग्रहालयात आहे आणि त्यात त्याने स्वतःला यात्रेकरूच्या वेषात रंगवले आहे. ज्या वर्गाला तो इतकी वर्षे रंगवत आला त्या वाटसरूंच्या शेजारी त्याने स्वतःला नेऊन बसवले, असे मी या चित्राचे वाचन करतो.

भटकंती :

चर्चा वाचून ही चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा झाली. मिलानला काही दिवस असणार आहे. कोठून सुरुवात करावी?

अबोली :

मिलानहून रेल्वेने ब्रेशाला एका दिवसात जाऊन येता येते, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी. तोझिओ मार्तिनेंगो चित्रसंग्रहालय दीर्घ दुरुस्तीनंतर २०१८ साली पुन्हा उघडले, आणि 'धुणे धुणारी', 'दोन भिकारी' व 'चांभार' ही तिन्ही चित्रे त्याच्या संग्रहात आहेत. २०२३ मध्ये ब्रेशात चेरुतीचे मोठे प्रदर्शन झाले आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातही झाले, त्यामुळे त्याच्याविषयीची नवी पुस्तके आणि चांगली छायाचित्रे आता सहज मिळतात. जाण्यापूर्वी ती जरूर चाळावीत.

परत आल्यावर मिलानच्या ब्रेरामध्ये हमालपोऱ्यासमोर थोडा अधिक वेळ काढावा. आधी फक्त अंडी आणि टोपली पाहावी, मुलाकडे नंतर वळावे. वेळ उरला तर आंब्रोझियानात जाऊन कॅराव्हॅजोची टोपली पाहावी, म्हणजे निळीशाई यांनी मांडलेली परंपरा एकाच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर डोळ्यांपुढे येते. संग्रहालयांतली चित्रे कधी कधी इतरत्र प्रदर्शनासाठी गेलेली असतात, म्हणून निघण्यापूर्वी संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. पाहून झाल्यावर येथे अवश्य लिहावे. विशेषतः 'दोन भिकारी' या चित्रातल्या दोघांचे एकमेकांशी नाते काय असावे, याविषयी आपले मत वाचायला मला आवडेल.